बोललं की पेट्रोल वाढतं

एल्म फोर्क, मिनेसोटा
मार्च संपत आला, बर्फ काही संपत नाही

आदरणीय लव्हॉन वन्संना आर्डिसचा मनापासून नमस्कार. तुमचा खोकला आता बरा आहे ना? आणि ते एका डोळ्याचं मांजर अजून तुमच्याच उशीवर झोपतं का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यंदा तळघरात पाणी शिरलं नाही, आणि चर्चच्या जेवणाला माझी बटाट्याची हॉटडिश सगळ्यात आधी संपली (शेजारच्या ड्वेनच्या बायकोची आणली तशी परत गेली, पण मी कुणाजवळ बोलत नाही). पत्रास कारण असं काही नाही. सहजच लिहिते आहे. तुम्ही शंका घ्याल म्हणून आधीच सांगून टाकलं.

तुमचे बंधुराज थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून तुम्हाला फोन करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. टर्की कापता कापता तुम्ही म्हणालात, "हॅल्वर, तुझं विमान म्हणजे घोडनवरी झालंय रे! रोज नटवतोस, वरात काही निघत नाही." सगळे हसले, हेसुद्धा हसले, आणि परतताना गाडीत दीडशे मैल एक शब्द बोलले नाहीत. (एरवीही दीडशे मैलांत ते फार तर दोन शब्द बोलतात, त्यामुळे रागावले आहेत हे मला घरी पोचल्यावर कळलं.) आयुष्यभर सूर्यफुलांच्या शेतांवर औषध फवारत विमानं फिरवलेल्या बहिणीने असं म्हणावं, हे त्यांना लागलं. तुम्ही थट्टेत बोललात, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. पण माहीत असलं म्हणून राग जातो थोडाच?

तर त्या नवरीचंच सांगते. पंख लागले होते, इंजिन बसलं होतं, राहिलं होतं फक्त पॅनेल, म्हणजे चालवणाऱ्याच्या समोरची काट्यांची आणि बटणांची फळी. विकतच्या विमानाला ती कारखान्यातून तयार येते, आणि गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानाला ती ज्याची त्याने करायची. बंधुराजांनी फळी कापली, तिला करड्या रंगाचे तीन हात दिले, आणि मग तारा जोडायला बसले. तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी पिन चिमट्याने दाबून बसवायची असते. दर दुसरी पिन जमिनीवर पडायला लागली. आधी ते म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. मग म्हणाले, गॅरेजमध्ये थंडी आहे. मग सकाळची कॉफी बशीत सांडायला लागली तेव्हा म्हणाले, टेबल डुगडुगतंय, आणि त्यांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. आठवडाभरात चारही पायांखाली पुठ्ठे झाले, टेबल उंच झालं, कॉफी सांडतच राहिली.

एक दिवस मी चिमटा त्यांच्या हातातून घेतला. म्हटलं, "द्या इकडे. तुम्हाला नीट दिसत नाही."

त्यांनी पिनांची डबी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "हो. दिसत नाही म्हणून."

वन्सं, एवढं धडधडीत खोटं आम्ही दोघं मिळून लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो असू.

तेव्हापासून तारा माझ्याकडे. मी जन्मभर गोधड्या शिवल्या, मला सुईदोऱ्याची भीती नाही. तारांचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने असे बांधले की ड्वेन येऊन म्हणाला, "हे विमान आहे की स्वेटर?" अडचण एकच होती. तारा सगळ्या पांढऱ्या, आणि बंधुराजांनी कागदावर त्यांना नंबर दिलेले. नंबर माझ्या डोक्यात राहीनात. म्हणून मी प्रत्येक तारेला ओळखीच्या एकेका माणसाचं नाव दिलं आणि तशा चिठ्ठ्या चिकटवल्या. तेलाचा दाब म्हणजे माझी आई. होकायंत्र म्हणजे आमचे पास्टर (उत्तर दाखवतात, पण जरा हलत हलत). आणि विमानाचा वेग फार उतरला की पडण्याआधी जो भोंगा ओरडतो, त्याला तुमचं नाव दिलंय. राग मानू नका. तो सगळ्यांच्या आधी ओरडतो आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

जानेवारीत मी ह्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हाताला कंप आहे, जिवाला धोका नाही, शंभर वर्षं जगा, पण विमान चालवणं विसरा. घरी येऊन ह्यांनी विमानावर चादर टाकली. माझ्या माहेरची फुलाफुलांची. आणि रोज सकाळी तळ्यावर, बर्फावरच्या त्या लाकडी खोपटात, मासे धरायला जायला लागले. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गळ घरीच असतो.

मी काय बोलणार? मला बोलता येत नाही असं नाही (तुम्ही हसलात, ऐकू आलं मला), पण अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. मग मी चादरीचं एक टोक उचलून आत शिरत असे आणि उरलेल्या तारा जोडत असे.

गेल्या शनिवारी शेवटची तार लागली. हे घरात पेपर वाचत होते. मी चादर काढली, देवाचं नाव घेतलं आणि मुख्य बटण दाबलं. सगळे दिवे लागले! धूर नाही, जळका वास नाही. रेडिओचं बटण दाबून मी "हॅलो" म्हटलं, तर पेट्रोलचा काटा वर गेला. टाकी कोरडी ठणठणीत, आणि काटा पाव टाकी दाखवतोय. मी स्वतःची ओळख करून दिली, अर्धी झाली. रविवारचं भजन म्हटलं, टाकी काठोकाठ. मग पंखावरचा दिवा लावला, तर तुमच्या नावाचा भोंगा जो बोंबलायला लागला तो थांबेचना. बंधुराज नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावत आले. तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंत, असंच म्हणायचं.

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोललं की पेट्रोल वाढत असेल तर तुला घेऊन अलास्कापर्यंत जाता येईल." कित्येक आठवड्यांत पहिला विनोद! मग टॉर्च घेऊन ते फळीखाली उताणे पडले.

"परतीची तार कुठे जोडलीस?"

"तुम्ही सांगितलंत तिथेच. त्या बोल्टला."

"खालचा रंग खरवडलास?"

"एवढे तीन हात दिलेले तुम्ही. मी कशाला खरवडू?"

"अगं, रंगातून वीज परत जात नाही."

म्हणजे विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, नाहीतर सगळ्यांचीच वाट लागते. मी बोल्ट सैल केला, त्यांनी घासकागद घेतला. आणि वन्सं, घासायला थरथरता हात इतका सोयीचा असतो म्हणून सांगू! दोन मिनिटांत खालचा धातू चांदीसारखा झाला. परत बटण दाबलं. मी भजनाची दोन कडवी म्हटली, काटा शून्यावरून हलला नाही. भोंगाही गप्प राहिला. रिकाम्या टाकीचा काटा रिकाम्यावर उभा राहिला म्हणून दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, हे कुणी पाहिलं नाही ते बरं.

रात्री जेवताना मी विचारलं, "आता उडवणार कोण?" पहिल्या उड्डाणाला चालवणारा सोडून दुसरं कोणी बसायचं नसतं. मी ड्वेनचं नाव काढलं. हे म्हणाले, "ड्वेन एकदा उतरला की विमान तीनदा उतरतं." आणखी दोघे सुचवले, तेही नापास. मग स्वतःच म्हणाले, "आडव्या वाऱ्यात हात घाबरत नाही, काट्याच्या आधी कानाला इंजिन कळतं, आणि बिनसलं की आधी शिवी देऊन मग नेमकं तेच करतं, असं माणूस पाहिजे."

"असं आपल्या ओळखीत कोण आहे?"

"कोणी नाही," म्हणाले, आणि तुमच्या नॉर्थ डकोटाकडच्या खिडकीतून बघत बसले.

असो. बाकी सर्व ठीक. सोबत बटाट्याच्या पोळ्या, आपल्या लेफ्से, पाठवते आहे, लोणी लावून खा.

तुमची भावजय,
आर्डिस

ता. क. – पत्रास कारण नाही म्हटलं ते खरं नव्हे. मे महिन्यात धावपट्टी कोरडी झाली की याल का? आमचं विमान पहिल्यांदा तुम्ही वर न्याल का? मी विचारलं हे ह्यांना कळू देऊ नका. सहज आले म्हणा.

ता. क. – नाही म्हणालात तरी लेफ्से परत पाठवू नका.

(खाली वाकड्यातिकड्या अक्षरात)

ताई, पाकीट चिकटवायला तिने माझ्याकडे दिलं. उघडं होतं, वाचलं. डॉक्टरकडून आलो त्याच आठवड्यात, ती चर्चला गेली असताना, मी चालवणाऱ्याची सीट पाच बोटं पुढे घेतली आणि पायातली पेडलंही जवळ आणली. तिला वाटतं, सीट पहिल्यापासून तिथेच आहे. माझे पाय आता आत मावत नाहीत. तुझे मावतील.
– हॅल्वर