पाक दार्मोंनी गाडीचं कौतुक केलं

बांतुल, ३ जून १९९४

ती. जुमादीमामांस,
विनार्तोचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईचा गुडघा बरा आहे. टोफू तळायला बसली की तुमची आठवण काढते. तुम्ही आलात की माझ्या वाटणीला एकही उरत नाही, हे मीही विसरलेलो नाही.

बातमी अशी की मी गाडी खाली केली. आपली जुनी कोरोला आता चार बोटं खाली बसून चालते. नव्या आखूड स्प्रिंगा टाकल्या, लाल रंगाच्या. शॉकअप जुनेच ठेवले, अजून गळत नाहीत म्हणून. गल्लीतली पोरं वळून वळून बघतात.

दुसरी बातमी लास्त्रीची. मला तिच्याशीच लग्न करायचंय, हे आईनं कळवलंच असेल. गेल्या रविवारी तिच्या वडिलांना, पाक दार्मोंना, कवडा पक्ष्यांच्या घुमण्याच्या स्पर्धेला घेऊन गेलो. त्यांच्या मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात त्यांचा लाडका किदुंग. वाटेत गाडी जरा नाचली. उतरल्यावर म्हणाले, फार सुंदर गाडी, जमिनीला किती जवळ. मग रंगाचं कौतुक केलं, स्प्रिंगांचंही केलं. येताना मात्र सायकलरिक्षानं आले, वारा खायचा होता म्हणे. स्पर्धेत पिंजरा खांबावर चढवल्यावर किदुंग एकदाही घुमला नाही. त्याचा घसा बसला असावा. माझं काम झाल्यातच जमा आहे. मागणी घालायला कधी येता?

रागवायचं असलं तर रागवा, पण भाच्यावरची माया तेवढी आटू देऊ नका.
तुमचा विनार्तो


समारांग, ९ जून

चि. विनार्तोस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी मामी हसत सुटली आणि मी कपाळाला हात लावला. अरे गाढवा, बत्तीस वर्षं शॉकअप उघडतोय आणि जन्मापासून जावा बेटावर राहतोय. एका दमात गाडीचं तीनदा कौतुक करणारा माणूस त्या गाडीत पुन्हा पाय ठेवत नाही. परक्याला तोंडावर वाईट म्हणायची आपल्याकडे रीत आहे का? तुझी आई लिहिते की चहा पांचट झाला तरी हा गृहस्थ आपल्या मुलांना चारचौघांत झापतो. तुझ्याशी मात्र साखरेत घोळवून बोलतो. म्हणजे त्याच्या लेखी तू अजून परकाच.

आता गाडीचं. स्प्रिंग वजन उचलते आणि शॉकअप तिचं नाचणं थांबवतो. कडक स्प्रिंग खड्ड्यात दबली की जोरात उसळते, तिला आवरायचं बळ तुझ्या जुन्या शॉकअपमध्ये नाही. शिवाय गाडी खाली आल्यामुळे त्याचा दांडा आधीच आत बुडालाय, जरा दबलं की तळाला ठोकर. बॉनेटचा कोपरा दाबून सोड. वर येऊन थांबली तर ठीक. झुलत राहिली, तर पक्षी हादऱ्यांनी घाबरला होता; घसा त्याचा बसलेला नाही, डोकं तुझं फिरलंय. स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेढे आणि लांबी मोजून कळव. काही उपद्व्याप केला असशील तर तोही लिही.

मामी विचारते, बारीक तर झाला नाहीस ना? आमचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात ठेव.
जुमादीमामा


बांतुल, १७ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बॉनेट दाबून सोडलं. चार वेळा झुललं.

तुमच्याशी लपवाछपवी नको. स्प्रिंगा बसवल्या तेव्हा गाडी मनासारखी खाली येईना, म्हणून प्रत्येकीचा एक वेढा कापला. वाटलं, कापली की नरम होईल. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. इथल्या दुकानात शर्यतीचे शॉकअप आहेत, सगळ्यांत कडक. ते घेऊ का?

मामा, मला आता खरंच भीती वाटते. लास्त्रीला वोनोसारीहून एक स्थळ आलंय. पाक दार्मो त्या मुलाला चपला नीट काढ म्हणून ओरडले. मला बाजारात भेटले तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाचं कौतुक केलं. लास्त्री हातची गेली तर मी काय करू?

पायावर डोकं ठेवतो, वाऱ्यावर सोडू नका.
विनार्तो


समारांग, २३ जून

चि. विनार्तोस,
अ. उ. आ.

वेढा कापला की स्प्रिंग आणखी कडक होते रे. त्या भंगारात दे, तशा गाडीत माणूस बसवू नये. शर्यतीचे शॉकअपही नकोत. ते स्प्रिंगला इतकं जखडतात की एका खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येतो आणि गाडी खाली खालीच बसत जाते. दोघांचा मेळ बसला पाहिजे, नुसता जोर काय कामाचा.

बसनं खोकं पाठवतोय. दोन बोटं खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या बेताचे आखूड अंगाचे शॉकअप आहेत, उसळी मी स्वतः हातानं जोखलीय. पोरं आता वळून बघणार नाहीत, तेवढं सोस. शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळ, जॅकवर लोंबती असताना नको. मग पाक दार्मोंना पुन्हा स्पर्धेला ने. गाडी कशी वाटली हे त्यांना विचारू नकोस. किदुंगकडे लक्ष ठेव.

तुझ्या पाठीशी आहे, घाबरू नकोस.
जुमादीमामा


बांतुल, ११ जुलै

ती. जुमादीमामांस,
लास्त्रीचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहितेय. कारण विनार्तो तोंड पाडून बसलाय, तो काही लिहायचा नाही.

तुम्ही पाठवलेल्या स्प्रिंगा नि शॉकअप त्यानं बसवले, तरी बाबा पुन्हा त्या गाडीत बसायला तयार नव्हते. मी दोन दिवस हट्ट धरला, तेव्हा किदुंगला घेऊन आम्ही सगळे काल स्पर्धेला निघालो. पिंजरा माझ्या मांडीवर होता. रेल्वेफाटकावर गाडी एकदा दबली, वर आली आणि स्थिर झाली. साखर कारखाना मागे पडला नि किदुंग चालत्या गाडीत घुमायला लागला. बाबांनी सगळ्यांना गप्प बसायची खूण केली, बोलत कुणीच नव्हतं तरी. स्पर्धेत त्याचा तिसरा नंबर आला.

परतताना बाबा आपणहून पुढच्या सीटवर बसले आणि सुरूच झाले. काच खडखडते ती बसवता येत नाही का, सीट उसवलीय ती कोण शिवणार, डोक्याला एवढं तेल चोपडतोस त्यातलं थोडं दाराच्या बिजागरीला घातलंस तर काय झिजशील का. घरापाशी उतरून अख्ख्या गल्लीसमोर म्हणाले की असल्या वेंधळ्याला मुलगी दिली तर आपल्यालाच तेलाची बुधली घेऊन रोज त्याच्या दारात जावं लागेल.

‘वेंधळा’ ऐकून विनार्तो तुम्ही लिहिलेलं सगळं विसरला, त्याला वाटतं सगळं संपलं. माझी आई मात्र आनंदानं डोळे पुसत आत गेली, आणि मीही. वोनोसारीलाही संध्याकाळी निरोप गेला. बाबांनी त्या लोकांच्या घराचं, अंगणाचं आणि मुलाच्या हस्ताक्षराचं फार कौतुक केलंय.

विनार्तोला मी अजून काही सांगितलेलं नाही. आत्ता आमच्या दारात बसून गाडीच्या चारही दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय. मागणी घालायला कधी येता?

होणाऱ्या सुनेला आत्तापासूनच झापायला हरकत नाही.
लास्त्री