खोबरेल तेलावरचं पिस्तूल

सारियाया, केझोन प्रांत
जानेवारीचा शेवटचा रविवार

आदरणीय कुया अमादो यांस,

थोरल्या मेहुण्यांचा हात हाती घेऊन कपाळाला लावायचा, तर मधे अख्खा समुद्र आडवा पडलाय. तेव्हा तो मान या कागदावरच स्वीकारावा. तुमचा रक्तदाब, साखर वगैरे ताब्यात असेल अशी आशा आहे. मानांग लुमिंग वहिनींना सांगा की त्यांचा खालचा दात हलत असला तरी दावाओतल्या कुठल्याही दंतवैद्याला हात लावू देऊ नका, मी येईन तेव्हा बघेन. (असं मी तीन वर्षं म्हणतोय हे मला ठाऊक आहे.) फोनच करणार होतो, पण तुमच्या पिढीने कानांना काही न लावता नेमबाजी केली त्याची फळं आता आम्ही भोगतोय. मागच्या वेळी मी अर्धा तास मन मोकळं केलं, तुम्ही दोनदा "बरं बरं" म्हणालात आणि ठेवलात. म्हणून हे लेखी. नानाय सेपा (म्हणजे तुमच्या आई आणि माझ्या सासूबाई) ठणठणीत आहेत आणि माझ्यावर रागावलेल्या आहेत. तुमची बहीण रेमिंगही ठणठणीत आहे, आणि तिच्यावर मी रागावलेलो आहे. का, ते पुढे येईलच.

पिस्तुलाचं हे वेड माझ्या घरात शिरलं ते तुमच्यामुळे, त्यामुळे निम्मा दोष तुमच्या पदरात आधीच टाकून ठेवतो. तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत, डॉक, हाताला बसेल ते घे, डोळ्यात भरेल ते नको. मी अर्थात डोळ्यात भरेल ते घेतलं. मारिकिनात बनलेलं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल, नार्रा लाकडाची मूठ, वर फुलांची नक्षी. दिसायला असं की फादरनी फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी आशीर्वाद देताना त्याच्यावर जरा जास्तच पाणी शिंपडलं. पण प्रत्यक्ष सामन्यात गंमत अशी व्हायची, की बाकीचे धावत धावत निशाणाच्या सगळ्या पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडून मोकळे, आणि मी आपला अर्ध्या वाटेत खिसे चाचपत दुसरं मॅगझिन शोधतोय. गोळ्याच कमी मावायच्या त्यात. शिवाय धक्का असा, की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाढ काढताना माझाच हात थरथरायचा आणि पेशंट माझ्याकडे संशयाने बघायचे.

मग मी नऊ मिलिमीटरचं प्लॅस्टिकच्या अंगाचं पिस्तूल घेतलं. हलकं, स्वस्त, कधी न अडकणारं, आणि रूप म्हणाल तर कागद टाचायच्या यंत्रासारखं. त्याच्यावर माझा जीवच बसेना. ज्यात सुधारायला काही नाही त्याच्याशी माणसाने बोलायचं तरी काय? शेवटी कागदपत्रं रेमिंगच्या नावावर करून ते तिला दिलं आणि स्वतःसाठी चेक बनावटीचं, सगळंच्या सगळं पोलादी, जडशीळ पिस्तूल घेतलं. काय सांगू कुया! वजनामुळे गोळी सुटली तरी तोंड वर उचलत नाही, मूठ तळहातात अशी बसते की सोडवत नाही. रेमिंग म्हणाली, "माझा हात तरी कधी असा धरला होतास का, डॉक?" मी म्हटलं, तुझी स्प्रिंग बदलता येत नाही ना. त्या दिवशी मला भात करपलेला मिळाला.

आता निगेबद्दल. तुमचं म्हणणं असं की पिस्तुलाला कमीत कमी हात लावावा: नळी साफ, चार थेंब तेल, स्प्रिंग वेळच्या वेळी नवी, बस्स. पण मी पडलो दंतवैद्य. घासून गुळगुळीत करता येईल अशी वस्तू समोर असली की माझी बोटं शिवशिवतात. ट्रिगरच्या आतले भाग मी दात चकाकवायच्या चकतीने असे चकाकवले, की गेल्या वर्षी सामन्याआधीच्या तपासणीत एका बाईंनी त्याला वजन अडकवलं आणि अडकवता अडकवताच घोडा पडला. नियमापेक्षा फारच हलका! मग मला माझ्या साध्या गटातून उचलून थेट खुल्या गटात टाकलं. तिथे एकेकाच्या पिस्तुलावर दुर्बिणी काय, लाल ठिपके काय, पुढे नळकांडी काय, आणि मधे मी. शेवटून पहिला आलो. पण तो इतिहास झाला. ट्रिगर मी पुन्हा जड करून घेतला आणि मन दुसरीकडे वळवलं: स्लाइडला, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, पुढे ढकलणारी स्प्रिंग अगदी हलकी बसवली, म्हणजे ती लोण्यासारखी सरकेल, आणि तेल बदललं.

इथे नानाय येतात. त्यांचं घरचं खोबरेल तुम्ही लहानपणी डोक्यापासून टाचेपर्यंत चोपडून घेतलंय, तेव्हा त्याची थोरवी मी काय सांगावी? शिलाई मशीनला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, शेजारच्या बाळाच्या पोटाला तेच. मग मी विचार केला की आपल्या प्रांतात दर दोन पावलांवर नारळाचं झाड उभं असताना परदेशी डबीतलं, औषधासारखा वास मारणारं तेल घालायचं तरी कशाला? स्लाइडच्या खाचांत घातलं, स्प्रिंगवर घातलं, नळीवर हात फिरवला. खोटं नाही सांगत, आपल्या इथल्या उकाड्यात पिस्तूल असं पळायला लागलं की क्लबातले लोक येऊन वास घेऊन जायचे. नानाय तर सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या की जावई माझ्या तेलावर जिंकतोय. रेमिंगला मी म्हटलं, आण तुझंही, घालून देतो. तर म्हणाली, "माझं बरं आहे तसं. त्याला केस नाहीत." ती आपली जुन्या परकराच्या चिंधीने पुसते, शिवणयंत्राच्या दुकानातल्या तेलाचा एकेक थेंब सोडते आणि डाळ निवडायला बसते. ही काय निगा झाली?

आता तुम्हाला ठाऊक आहे की एप्रिलात थायलंडला मोठा सामना आहे आणि आपल्या क्लबाला चारच जागा मिळाल्यात. तिघं तर ठरल्यासारखेच होते. चौथी जागा बागियोच्या सामन्यातल्या गुणांवर द्यायची असं अध्यक्षांनी, म्हणजे अटर्नी ओबिस्पोंनी, जाहीर केलं. कुया, मला ती जागा हवी होती. सरळ सांगतो, दुसरं काही मला या वयात इतकं हवंसं वाटलेलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर देशाचं नाव असलेला शर्ट घालायला मिळतो म्हणजे काय! मी दवाखान्याच्या मागे रोज रिकाम्या पिस्तुलाने सराव करायचो, गुडघ्याला पट्टा बांधून धावायचो, आरशासमोर मॅगझिन बदलायचो. रेमिंगनेही नाव दिलं होतं. मी म्हटलं, चांगलंय, डबे सांभाळायला सोबत होईल.

बागियोला डोंगरावर पोचलो तर काय थंडी, काय थंडी! आपण समुद्रकाठची माणसं, स्वेटर फक्त नाताळच्या कार्डावर बघितलेला. सकाळी रेंजवर गेलो तर देवदारांमधून धुकं वाहतंय, आणि माझे दात (माझे! दंतवैद्याचे!) एकमेकांवर आपटतायत. माझा नंबर आला. पिस्तूल भरलं, खोळीत ठेवलं, हात सैल सोडले. घड्याळाचा बीप वाजला, मी ते असं झटक्यात काढलं आणि पहिली गोळी बरोब्बर मधोमध. दुसरीसाठी ट्रिगर दाबला, तर काहीच नाही. बघतो तर स्लाइड अर्ध्या वाटेत थांबलेली. जेवून सुस्तावलेल्या रेड्यासारखी! तळहाताने मागून थापटली तेव्हा कुठे पुढे गेली. पुन्हा एक गोळी, पुन्हा थांबली, पुन्हा थप्पड. खाचांत बघितलं तर पांढरंशुभ्र, घट्ट! आपल्याकडे ज्याला कधी गोठलेलं बघितलं नाही, ते तेल तिथे मेणासारखं थिजून बसलं होतं, आणि माझ्या त्या हलक्या स्प्रिंगला काही ते ढकलवेना. मी आपला गोळी झाडतोय, थापटतोय, धावतोय, थापटतोय. मागे उभे असलेले लोक माझ्या थपडा मोजायला लागले, मोठ्याने, ताल धरून.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या मैदानावर पोचेपर्यंत ऊन वर आलं, पिस्तूलही तापलं, आणि ते सगळं थिजलेलं तेल एकदम पातळ झालं. पहिल्याच गोळीला माझ्या चष्म्यावर असा फवारा, की समोरचे पुठ्ठे सगळे धुक्यात! आणि वास! खोबऱ्याचा रस कढईत तांबूस होईपर्यंत परतल्यावर येतो ना, अगदी तस्सा. पंच बाई घड्याळ हातात धरून माझ्या मागे धावत होत्या, त्या थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "अहो, इथे गोडाचं कोण करतंय?" मला चष्म्यातून काही दिसत नव्हतं, तरी बोट ट्रिगरवरून काढून पिस्तूल खाली, समोरच्या बंधाऱ्याकडेच धरून उभा राहिलो, एवढं मात्र तुमच्या शिकवणीचं नाव राखलं. गुण काय आले ते विचारू नका. अटर्नी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो तेलकट झाला म्हणून माझ्याच शर्टाला पुसला.

आणि आता रागाचं कारण. माझ्यानंतर रेमिंगचा नंबर. तिने काय केलं? डब्याची पिशवी माझ्या हातात दिली, ते टाचणयंत्र काढलं आणि फटाफटा फटाफटा, पुठ्ठे, पोलादी पाट्या, सगळं कसं ताटं मांडावीत तसं एका ओळीने उरकलं. ना घाई, ना तोरा. मॅगझिन बदलताना तर हाताकडे बघितलंसुद्धा नाही. दिवसभर तेच. संध्याकाळी यादी लागली तर क्लबातली चौथी जागा श्रीमती रेमेदियोस झोलेता! मी टाकून दिलेल्या पिस्तुलावर! सगळे तिला उचलून घ्यायला धावले, आणि मी तिथे डब्यातल्या सुमानची, केळीच्या पानात उकडलेल्या त्या भाताच्या वड्यांची, रिकामी पानं हातात धरून उभा. परतीच्या गाडीत एक जण म्हणाला, "डॉक, आता तुम्ही बाईंच्या पिस्तुलाला तेल घालायला जा थायलंडला." सगळी गाडी हसली. रेमिंगही हसली, मी पाहिलं.

तर कुया, माझं म्हणणं एवढंच. हा न्याय आहे का? एका थंड सकाळच्या खेळावर माणसाची सगळी मेहनत तोलायची? शिवाय ती बाईमाणूस, घर कोण बघणार, नानायचे गुडघे कोण चोळणार? अटर्नी ओबिस्पो तुमच्या हाताखाली शिकले, तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत. त्यांना दोन ओळी लिहून माझी जागा मला परत द्यायला सांगा. रेमिंगला झेपायचं नाही, तिचं तिलाही कळेल. तुमच्यावर माझा हवाला आहे.

मानांग लुमिंग यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा रुसलेला मेहुणा,
डॉ. इसिदोरो झोलेता

ता. क. – नानायनी तुमच्यासाठी तेलाच्या दोन बाटल्या पाठवल्या आहेत. फक्त केसांसाठी वापराव्या. बागियोचं ऐकल्यापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते तेल उत्तमच होतं, थंडी खराब होती.

आणखी एक ता. क. – हा कागद मुद्दाम वेगळा आहे. आधी हा वाचून घ्या आणि मग चुलीत टाका. अटर्नींना काहीही लिहू नका! काल दुपारी मी दवाखान्यात एकाची दाढ भरत होतो, खिडकीतून रेमिंगचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. अटर्नींनाच सांगत होती, "माझं नाव काढा. ती जागा डॉकची आहे. त्याच्या तोंडचा घास मी खाऊन थायलंडला गेले तर मला तिथे झोप यायची नाही." कुया, माझे हात थांबले. पेशंट आ करून बसलाय आणि मला रडू फुटलेलं. त्याला वाटलं, दाढ फारच वाईट आहे.

तिची नेमबाजी मी त्या दिवशी बघितली. इतकं सुंदर मी कुणालाच करताना बघितलेलं नाही, तुम्हालाही नाही. ती गेलीच पाहिजे. पण मी जा म्हटलं की ती समजणार, हा मन मारून बोलतोय, आणि अजूनच ठाण मांडून बसणार. म्हणून वरचं सगळं पत्र मी तिने वाचावं म्हणूनच लिहिलंय. (तेलाचं मात्र खरं आहे.) ते तिला जसंच्या तसं पाठवून द्या आणि खाली तुमच्या हाताने एवढंच लिहा, की डॉक म्हणतो ते बरोबरच आहे, तुला जमायचं नाही. संध्याकाळच्या आत ती बॅग भरेल. या वाक्यावर तिने आजवर काय काय करून दाखवलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. नानाय म्हणतात, माझ्याशी लग्नसुद्धा तिने कुणीतरी "याच्याबरोबर संसार करणं तुला जमायचं नाही" असं म्हणालं म्हणूनच केलं, आणि ते म्हणणारे तुम्हीच होतात.

एकदा केलंत, कुया. आता आणखी एकदा करा.