डॉक्टरांची चिठ्ठी

२ सप्टेंबर, सोमवार
कामगार दिनाची सुट्टी, अमेरिकेत ती सप्टेंबरात. सगळे आराम करतायत. मी वर्षभराच्या आरामाचा आराखडा केला.

यंदा तिसरं वर्ष. प्री-मेडची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं तिसऱ्या वर्षात करपतात म्हणे. बर्नआउट. मी करपणार नाही, कारण मी तसं आधीच ठरवलंय. करपतात ते न ठरवणारे.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात मी शाम्पूने दात घासले होते. पण ते करपणं नव्हे. बाटल्या सारख्या दिसतात.

आराखडा: पहाटे उठणे. धावणे. ऑर्गॅनिक केमिस्ट्री. लेक्चर्स. हॉस्पिटलात फुकट सेवा, म्हणजे व्हीलचेअर ढकलणे. ऑर्गॅनिक. ध्यान. परत ऑर्गॅनिक. आनंदी राहणे (जेवताना).

कोल्बीने आराखडा वाचला. कोल्बी माझा रूममेट. गोल्फच्या मैदानावरच्या गवताची पदवी घेतोय. असा विषय खरोखर आहे, मी चौकशी केली. म्हणाला, टॅनर, यात झोप कुठंय? मी म्हटलं, ती उरलेल्या वेळात. तो म्हणाला, उरलाय कुठं? गवतवाल्यांना नियोजन कळत नाही.

मुख्य ध्येय: डॉ. हॅवरकॅम्प यांची चिठ्ठी. शिफारशीची. बाई मेडिकल कॉलेजच्या प्रवेश समितीवर आहेत. त्यांची चिठ्ठी मिळाली की मे महिन्यात अर्ज. नाही मिळाली तर अर्ज नाही, आणि आईने गावात तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न.

५ सप्टेंबर, गुरुवार
पहाटे उठलो नाही. सोमवारपासून नक्की.

ध्यानाचं ॲप घेतलं. त्यातली बाई म्हणाली, डोळे मिटा. मिटले. उघडले तेव्हा बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर संपून लोक घरी गेले होते. पहिल्याच आठवड्यात एवढं खोल ध्यान लागतंय. प्रगती आहे.

९ सप्टेंबर, सोमवार
पहाटे उठायचं पुढच्या सोमवारपासून.

आईचा फोन. चर्चच्या तळघरात पत्ते खेळताना तिने सगळ्यांना सांगून टाकलंय की आमचा टॅनर जवळजवळ डॉक्टर झालाच. परिणामी तिच्याबरोबर पत्ते खेळणाऱ्या डोलेझल आजींनी पायाच्या अंगठ्याचा फोटो पाठवलाय. जेवताना उघडला. आजींना कळवलं की डॉक्टरला दाखवा. त्यांचं उत्तर आलं, दाखवला की, आत्ताच.

आईने विचारलं, बाळा, दमलास का? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, बरं. आईचं असलं 'बरं' मला अजिबात आवडत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
फुटबॉल. अख्खं शहर लाल शर्ट घालून स्टेडियमवर. मी लायब्ररीत एकटा. सगळे खेळ बघत असताना मी पुढे निघून जाणार, हा डाव.

सहा कार्बनच्या कड्याचं पान काढलं. ते कडं खुर्चीसारखं दिसतं, म्हणून पुस्तकात त्याला खुर्चीच म्हणतात. आरडाओरडा ऐकू आला. आपल्याला गुण मिळाले असणार. पान परत पहिल्यापासून. परत आरडाओरडा. संध्याकाळपर्यंत आपण सामना जिंकलो आणि मी त्याच खुर्चीवर होतो.

पण एक पान इतकं पक्कं कुणाचं झालं नसेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार
ऑर्गॅनिकचा पहिला पेपर मिळाला. निम्म्याहून जरा कमी. जरा म्हणजे बराच. वाईट वाटलं नाही. सुरुवात खाली असली की आलेख वर जाताना उठून दिसतो. समितीला असे आलेख आवडतात.

नंतर बाथरूममध्ये बराच वेळ बसलो. नुसताच. नळ चालू ठेवून.

नवा निश्चय: जास्त अभ्यास आणि जास्त आराम, दोन्ही एकदम. त्यासाठी 'विद्यार्थी विश्रांती मंडळा'त नाव घातलं. अध्यक्ष करपून घरी गेल्यामुळे जागा रिकामी होती. मीच अध्यक्ष झालो.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मंडळाची बैठक, पोस्टर, हॉलची परवानगी, खाऊची ऑर्डर, सगळं माझ्या गळ्यात. विश्रांतीमुळे नाकी नऊ आले.

संध्याकाळी होस्टेलात छोटी दुर्घटना. मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न लावले आणि उभ्या उभ्या जरा विचार करत होतो. डोळे मिटून. धूर झाला, भोंगा वाजला, सगळं होस्टेल बाहेर हिरवळीवर. अग्निशामक दलाच्या माणसाने सगळ्यांसमोर काळी पिशवी वर धरून विचारलं, कुणाची? कोल्बी म्हणाला, आमच्या विश्रांती मंडळाच्या अध्यक्षांची.

नोंद: मका करपला. मी नाही.

कोल्बी हिरवळीकडे बघत असंही म्हणाला की गवत रोज कापलं तर पिवळं पडतं, त्याला मधून मधून सोडून द्यावं लागतं. मी म्हटलं, मी गवत नाही. तो म्हणाला, नाही, गवताला कळतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
संधी चालून आली. डॉ. हॅवरकॅम्प यांना खोटे पेशंट हवेत. मेडिकलची मुलं खऱ्या माणसांना हात लावायच्या आधी अशा नाटकी पेशंटवर सराव करतात. प्रत्येक पेशंटला एक कार्ड मिळतं, त्यावर त्याचा आजार. ते पाठ करायचं आणि विचारतील तेवढंच सांगायचं. बाई स्वतः काचेआडून बघतात. म्हणजे मी थेट त्यांच्या नजरेत.

माझं कार्ड: टेनिस खेळताना पाय मुरगळला. बाकी तब्येत ठणठणीत.

जरा निराशा झाली. अपेंडिक्स मिळालं असतं तर अभिनयाला वाव होता. पण मोठा नट छोट्या भूमिकेतच कळतो.

कोल्बीने तालीम घेतली. म्हणाला, लंगडतोस छान, पण एक पाय ठरव.

५ ऑक्टोबर, शनिवार
सराव झाला. माझं काम अप्रतिम. मेडिकलच्या मुलांचं भवितव्य मात्र अवघड आहे.

पहिली मुलगी प्रिसिला. नमस्कार केला, विचारलं, काय होतंय तुम्हाला? मी म्हटलं, पाय. कधीपासून? म्हटलं, टेनिस खेळताना. इथपर्यंत ठीक. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि विचारलं, तुम्ही झोपता कधी? कार्डावर झोपेचं काही नव्हतं. मी स्वतःचंच सांगितलं, लेक्चरमध्ये. तिने पेन खाली ठेवलं.

दुसरा मुलगा. सकाळी काय खाल्लं? मी म्हटलं, कॉफी. तो म्हणाला, खाल्लं काय? मी म्हटलं, कॉफीची पूड. मशीन बिघडलं होतं. त्याने पायाला हातसुद्धा लावला नाही. खिशातला ग्रॅनोला बार काढून दिला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिला. हे कुठल्या पुस्तकात आहे?

तिसऱ्याने विचारलं, घरी कोण असतं? साधा प्रश्न. मी म्हटलं, आई. आणि मग मला रडू आलं. पाय दुखत असल्यामुळे. भूमिकेत शिरलं की असं होतं. त्याने टिश्यूचा सगळा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

चौथीने एकच गोष्ट टिपली, की मी येताना उजव्या पायाने लंगडत होतो आणि जाताना डाव्या.

शेवटी माझं मत विचारलं. स्पष्ट सांगितलं: सगळे नापास. पाय सोडून भलतीकडेच.

९ ऑक्टोबर, बुधवार
डॉ. हॅवरकॅम्प यांचा निरोप. शुक्रवारी भेटायला बोलावलंय. स्वतःहून. पाय जमिनीवर ठरत नाहीत.

आईला सांगितलं की चिठ्ठीचं जमलं. तिने त्याच दिवशी डोलेझल आजींना सांगितलं. आजींनी दुसऱ्या अंगठ्याचा फोटो पाठवला. अभिनंदन म्हणून.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
मिळाली!

सविस्तर. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं हे काम बघतेय, पण एकाही विद्यार्थ्याने मुरगळलेला पाय तपासला नाही असं पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, वैद्यकीय शिक्षणाची घसरण आहे. बाई हसल्या. मग म्हणाल्या, ते सगळे पास झालेत. मी समजून गेलो, मोठ्या मनाच्या आहेत.

मग माझीच चौकशी. अभ्यास, जेवण, झोप, घर. मुलाखतच. मी सगळ्याला उत्तम म्हटलं. मधेच वाक्य विसरलो, कारण त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ फार हळू चालत होतं आणि छान वाटत होतं. बाईंनी ड्रॉवरमधून कागद काढला, लिहिलं, पाकिटात घातलं, चिकटवलं. म्हणाल्या, टॅनर, ही चिठ्ठी आजच्या आज समोरच्या इमारतीत खिडकीवर दे. आजच. मला वचन दे. दिलं.

समोरची इमारत म्हणजे वरच्या मजल्यावर प्री-मेडचं ऑफिस. तळमजल्यावर विद्यार्थ्यांचा दवाखाना आहे. तिथे रांग होती. करपलेली मुलं. एक जण भिंतीला टेकून उभ्याने झोपला होता. कीव आली. मी जिन्याने वर.

वर कुलूप. ऑफिस सांभाळणाऱ्या लुंडक्विस्ट बाई शुक्रवारी लवकर जातात. आणि त्या ऑफिसला खिडकी नाहीच, दार आहे. हॅवरकॅम्प बाईंचं वय झालंय, शब्द इकडचा तिकडे होतो.

कोल्बी म्हणाला, उघडून बघ ना. छे. शिफारशीची चिठ्ठी वाचायचा हक्क आम्ही सगळे लेखी सोडून देतो. अर्जदाराने वाचली की तिची किंमत गेली. तो म्हणाला, कागद फारच पातळ लागतोय. मी म्हटलं, थोर माणसं थोडक्यात लिहितात.

पाकीट ऑर्गॅनिकच्या पुस्तकात ठेवलं. सोमवारी मोठा पेपर आहे. तो मारला की मंगळवारी टाय लावून रुबाबात देणार.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पेपर झाला.

म्हणजे माझ्यापुरता लवकर झाला. पहिला प्रश्न वाचून डोळ्यांना क्षणभर विश्रांती दिली. जाग आली तेव्हा वर्ग रिकामा आणि समोर प्राध्यापक आख्टरबर्ग, हातात माझी उत्तरपत्रिका. आडनावाने हाक मारून म्हणाले, कोव्हारिक, पेपर कोरा आहे, पण गालावर काहीतरी उमटलंय.

आरशात बघितलं. प्रश्नपत्रिकेतली खुर्ची. उलटी, पण अचूक.

हरकत नाही. चिठ्ठी आहे. चिठ्ठी असली की एखादा पेपर समिती मनावर घेत नाही. बहुतेक.

मला भीती वाटतेय. हे इथे लिहिलंय, आराखड्यात नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
टाय लावला. लुंडक्विस्ट बाईंना पाकीट दिलं. म्हटलं, डॉ. हॅवरकॅम्प यांनी माझ्याबद्दल लिहिलंय, मी वाचलेलं नाही. बाईंनी उघडलं, वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग विचारलं, तू हे खरंच वाचलं नाहीस, बाळा? मी अभिमानाने म्हटलं, नाही.

त्यांनी वाचून दाखवलं.

प्रति, विद्यार्थी दवाखाना. या मुलाला कृपया आजच तपासावे. झोप नाही, जेवण नाही, घरचा विषय निघाला की रडू येते. अभ्यासातून काही आठवडे सुट्टी द्यावी, अशी माझी शिफारस आहे. पायाला काहीही झालेले नाही.

मी म्हणालो, अक्षर सुवाच्य आहे.

लुंडक्विस्ट बाईंनी ऑफिसला कुलूप लावलं, माझा हात धरला आणि मला जिन्याने खाली घेऊन गेल्या. तळमजल्यावर खिडकी आहे. मोठी, मधोमध, वर पाटी असलेली. तिसरं वर्ष शेजारून जातोय.

रांगेत भिंतीला टेकून उभा राहिलो. पुढचं आठवत नाही. नर्स म्हणाली, उभ्याने झोपला होतास.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी मंजूर. चिठ्ठीवरची तारीख पेपरच्या आधीची, म्हणून आख्टरबर्ग सरांनी तो पेपर रद्द धरला. बरं वाटल्यावर परत देता येईल. मेमधला अर्ज यंदा नाही. हॅवरकॅम्प बाईंचा निरोप आला की पुढच्या वर्षी झोप काढून ये, मग दुसरी चिठ्ठी मागून बघ.

विश्रांती मंडळाचा राजीनामा दिला. नवा अध्यक्ष फार उत्साही आहे.

कोल्बीने त्याच्या गाडीतून घरी सोडलं. सगळ्या वाटेत गवताबद्दल बोलला. ऐकत ऐकत झोपलो. चांगला विषय आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार
घरी. काल दिवसभर झोपलो. उठलो तेव्हा आईने चिली (खिमा-राजम्याचा रस्सा) आणि दालचिनीचा रोल समोर ठेवला, शाळेत मिळायचा तसा. दोन्ही संपवलं. ती रागावेल, रडेल, गावाचं काढेल असं वाटलं होतं. काहीच नाही. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, मला फोनवरच कळलं होतं रे, पण तू कुठे ऐकणारा. मला इतकं बरं वाटलं की परत रडलो. पाय दुखत नसताना.

मग मी विचारलं, चर्चमध्ये काय सांगायचं? ती म्हणाली, सांगून झालंय. डोलेझल आजींना कळवलंय की टॅनर टेनिस खेळताना पडला, पाय मुरगळला, म्हणून घरी आलाय.

उद्या रविवार. सगळं गाव चर्चमध्ये असणार, आजी पहिल्या रांगेत. व्यवस्थित लंगडायचं ठरवलंय.

आई झोपली. कोणता पाय सांगितलाय, ते विचारायचं राहिलं.