टेबलाखालचा ब्रेक

प्रिय भिंगरी,

हातातलं काम बाजूला ठेव, आणि मावशीच्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या डुगडुगत्या स्टुलावर नको, नीट खुर्चीवर बसून हे वाच. तुझी आई, जिची निम्मी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली, ती विद्यापीठाच्या प्रवेशाची मुलाखत देऊन आली. वसतिगृहात एक रात्र राहूनसुद्धा आली. मावशीला इतक्यात सांगू नकोस. ती आधी फोन करून माझ्यावर ओरडेल आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत बसेल.

विषय मानसशास्त्र. अर्ज केला तेव्हा बाबांना वाटलं, मी थट्टा करतेय. बोलावणं आलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझी तयारी अशी मनावर घेतली, जणू पदवी त्यांनाच मिळणार आहे. बेकरीतून आले की पिठाचे हात धुवायचे, लग्नातला कोट चढवायचा (पोटावर बटण लागत नाही, पण तो विषय काढायचा नाही), जेवणाच्या टेबलापलीकडे बसायचं आणि घसा खाकरून विचारायचं, की बाई, या वयात तुम्हाला शिकावंसं का वाटतं? पहिल्या दिवशी मी हसत सुटले. दुसऱ्या दिवशी उठून उगाच ओटा पुसायला गेले. दिवसभर क्लच हळू सोड, आरशात बघ, असा माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. पण कोणी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघितलं की माझी दातखीळ बसते, हे मला आत्ता कळलं. चार वाक्यं धड सांगता येईनात. मी तर म्हटलं, राहू दे, नाही जात.

तोड बाबांनीच काढली. म्हणाले, अगं, तू आयुष्यभर लोकांच्या शेजारी बसून बोलत आलीस, समोर बसून बोलायची तुला सवयच कुठे आहे? चल, गाडीत बसू. मग रोज संध्याकाळी आम्ही दारात उभ्या असलेल्या शिकवणीच्या गाडीत जाऊन बसायला लागलो. बाबा स्टिअरिंगवर, मी माझ्या नेहमीच्या जागी, पायाखाली शिकवणाऱ्यासाठी असतो तो माझा वेगळा ब्रेक. बाबांना गाडी येत नाही, ही आपल्या घराची झाकली मूठ; पण बंद गाडीचं स्टिअरिंग असं दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, की पुढे अवघड वळणच आहे. ते भिंतीकडे बघून विचारायचे, मी भिंतीकडे बघून उत्तर द्यायची, आणि काय सांगू तुला, माझं बोलणं थांबेचना! पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना जे सांगितलं नव्हतं, तेही त्या गाडीत सांगून झालं. एके दिवशी शेजारच्या काकूंनी काचेवर टकटक करून हळूच विचारलं, की घरात काही वाजलंय का तुमचं?

विद्यापीठात पोचले. वसतिगृहाच्या खोलीत पाऊल टाकलं तर तिथे तुझ्या वयाच्या तीन मुली. मला बघताच एकीने विजेची किटली पाठीमागे लपवली. त्यांना वाटलं, मी रेक्टर! मीही तुमच्यासारखीच मुलाखतीला आलेय म्हटल्यावर त्या ज्या किंचाळल्या, त्यात किटली पडली आणि खरी रेक्टर धावत आली. मला काय म्हणायचं यावर त्यांचं बराच वेळ एकमत होईना, शेवटी ‘सीनियर’ ठरलं. सीनियरच्या वाट्याला वरचा पलंग आला. एकीने वरून ओढलं, दोघींनी खालून ढकललं, आणि हसून हसून आमची पुरेवाट झाली. जेवायला ताट घेऊन रांगेत उभी राहिले, ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमधून उगाच हात फिरवत हिंडले. किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्या तिघींतली एक मात्र काही खाईना. सकाळच्या मुलाखतीची धास्ती घेतली होती तिने. मी तिला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेले, सायकली उभ्या करतात तिकडे तोंड करून दोघी शेजारी बसलो, आणि मी सायकलींकडे बघतच तिला एकेक विचारत गेले. हळूहळू बोलायला लागली पोर. तिच्याशी बोलताना सारखी तू डोळ्यांसमोर येत होतीस. गेल्या वर्षी मुलाखतीसाठी याच विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जाऊन तू परत फिरलीस, घरी न येता थेट मावशीकडे गेलीस, आणि तेव्हापासून रसायनशास्त्राचं नावही काढलं नाहीस. आम्हीही विचारलं नाही. काय विचारायचं, हेच कळत नव्हतं.

सकाळी मुलाखत. टेबलापलीकडे दोन प्राध्यापिका आणि मध्ये एक जाडजूड भुवयांचे प्राध्यापक. मला का शिकायचंय, हे त्या प्राध्यापकांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच उत्तर द्यायला लागले, की या वयात माणसाला एकटेपणा जाणवतो, मुलं दूर जातात... सुटलेच! आणि भिंगरी, माझा पाय आपोआप गेला ब्रेकवर. टेबलाखाली ब्रेक कुठला, त्यांचा बूट होता. गृहस्थ वाक्याच्या मध्यावर थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. का दाबला ते खरंखरं सांगून टाकलं, तर त्या दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि ते म्हणाले, ठीक आहे, थांबलो, आता तुम्ही बोला. मग मी बोलले. म्हटलं, मी रोज घाबरलेल्या माणसांशेजारी बसते. त्यांना शांत कसं करायचं ते मला थोडंफार जमतं, पण भीती येते कुठून, ते मला माहीत नाही. आणि ज्या माणसाचं भय मला सगळ्यात जास्त घालवायचं होतं, तिथे माझं काही चाललं नाही. म्हणून शिकायचंय. काल त्यांचं उत्तर आलं. मला घेतलंय! बाबांनी तो कोट घालूनच बेकरीत बातमी सांगितली.

आता हे फोनवर का नाही सांगितलं? फोनवर तू ‘बघू’ म्हणाली असतीस, आणि आपल्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. मावशीच्या पोटात काही राहत नाही. तुलाही यंदा पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि तू ते कोणाला न सांगता खणात टाकलंयस, हे मला केव्हाच कळलं. माझ्याकडे शिकणारं कोणी गाडीच्या परीक्षेला निघालं, की परीक्षेचा रस्ता आधी मी स्वतः चालवून बघते, कुठलं वळण फसवं आहे, खड्डे कुठे आहेत. मी अर्ज केला तो एवढ्यासाठीच. रस्ता बघून यायचं आणि तुला सांगायचं. तिथे गेल्यावर माझाच पाय निघेना, ते वेगळं, आणि त्याचा मला फार आनंद आहे. तर, रस्ता बघून आले. भीती वाटते, खोटं सांगणार नाही. फाटकापाशी मीही थबकले, समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले, परत जावंसं वाटलं. मग गेले आत. आत नुसती माणसं होती गं, आणि त्यांच्यातल्या एकाच्या बुटावर पाय दिला तरी त्यांनी मला घेतलं. तुझी मुलाखत येत्या सोमवारी आहे. तू आलीस किंवा नाही आलीस, मी तर शिकणारच. पण आलीस तर मधल्या सुट्टीत भेटू.

तुझीच, तुझ्याआधी नंबर लावून बसलेली,
आई