गाडी काय, उद्याही निघेल

२ फेब्रुवारी
मुलगा आला होता. म्हणाला, आई, घर विकू, तू आमच्याकडे चल. सगळी गल्ली सांगते, तू दुपारभर गॅरेजमध्ये बंद गाडीत बसून असतेस. मी म्हटलं, बसून नसते, वाचत असते. ह्यांच्या गाडीची सीट पाठीला बरी पडते, एवढंच.
शर्त लावली. महिनाअखेर गॅरेजची वाचायची खोली करून दाखवते. बाजूच्या भिंतीत दार आणि खिडकी पाडायची, पुढचं शटर काढून तिथे भिंत. नाही जमलं तर बॅग भरून निघते. तो म्हणाला, खोली म्हणजे खोली, तिच्यात गाडी नको. म्हटलं, गाडी तर याच आठवड्यात विकते.

५ फेब्रुवारी, सकाळ
रद्दीतून आणलेलं बांधकामाचं पुस्तक वाचून काढलं. उभ्या भिंतीत दार पाडायचं तर आधी वर खाच घेऊन लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी, बसवायची. ती सुकली की मगच खालच्या विटा काढायच्या. नाहीतर वरची भिंत डोक्यावर. शेवटची पानं गायब आहेत, पण मुद्दा कळला. आता गवंडी नुसता हाताला हवा. डोकं माझं.

६ फेब्रुवारी
गवंडी आला. त्याला लिंटेल समजावून सांगितलं. म्हणाला, काकू, भिंत मी पाडू की तुमचं पुस्तक पाडणार? तोंडाने तिखट आहे.
खिडकीची खूण मी स्वतः खडूने केली. तो म्हणाला, फार खाली येतेय. मी ठाम राहिले. उजेड पुस्तकावर पडायला हवा, कपाळावर नाही. माप गाडीत बसून घेतलं. गॅरेजमध्ये बसायला दुसरं काही नव्हतं.

९ फेब्रुवारी
गाडीला पहिलं गिऱ्हाईक. आल्या आल्या टायरला लाथ मारली. चालता केला. गाडी विकायची ती माणूस बघून.

१५ फेब्रुवारी
लिंटेल सुकलं. कटर फिरला. धुळीने गवंडी पांढरा, मी पांढरी. पुस्तकं झाकायची राहून गेली. गाडी मात्र दोन चादरींखाली होती, ती कशी कोण जाणे.
खिडकीची पहिली वीट निघाली, चादर सारून बघितलं, तर उजेड सरळ माझ्या सीटवर. पलीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला, अंधारच. तिकडे आता उजेड लागतोय कुणाला.
शेजारीण डोकावली. वहिनी, खिडकी माणसांची की मांजरांची? तिला वाचनाची आवड नाही.

१९ फेब्रुवारी
दुसरं गिऱ्हाईक. निवृत्त मास्तर. सभ्य, स्वच्छ, गाडी मनापासून आवडली. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात स्टिअरिंगपुढे बसले आणि सीट खटकन पुढे ओढली. न विचारता! ह्यांचे पाय लांब होते, सीट कायम मागे. ती पुन्हा जागच्या जागी सरकवायला माझी अर्धी दुपार गेली.
असल्या माणसाला गाडी नाही.

२२ फेब्रुवारी
नवीन दाराची चौकट बसली. शटर निघालं. गवंडी म्हणाला, काकू, आता गाडी काढा, मी भिंत घेतो. म्हटलं, तुम्ही सुरू करा, गाडी काय, उद्याही निघेल. दार-खिडकीच्या निघालेल्या विटाच तिथे वापरायला सांगितल्या. मला वाया घालवलेलं खपत नाही.

२४ फेब्रुवारी
भिंत गुडघ्याला लागली. गवंडी थांबला. काकू, गाडी? म्हटलं, एका बाजूला थोडी जागा सोडा. म्हणाला, गाडी काय खेकड्यासारखी आडवी चालते?
त्याला उद्या दुसऱ्या कामावर जायचं होतं. उगीच खोळंबा कशाला. म्हटलं, पुरी करा, गाडी दारातून काढू. तो नव्या दाराकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पाणी मागितलं.

२७ फेब्रुवारी
गिलावा झाला. खोली सुंदर. पुस्तकं तूर्त मागच्या सीटवर लावली. मुलगा चकित होणार.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
झाला.
पोट आत घेऊन, भिंतीला पाठ घासत गाडीभोवती फिरला. आई, ही बाहेर कशी काढायची? मी दाराकडे बघितलं. दार चांगलं आहे, पण माणसापुरतं. म्हटलं, खोली तर झाली ना? म्हणाला, शर्त काय होती? हरलीस.
हरले. नाही कशी म्हणू. बॅग आणते म्हणून वळले.
मागे वळून बघते तर हा हसत सुटलेला. बॉनेटवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, अगं, बाबांना भिंतीत चिणलंस की गं! मीही हसले. किती तरी दिवसांनी दोघं असं हसलो.
मग तो कसाबसा आत शिरून ह्यांच्या जागी बसला. पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीटचा खटका हाताला लागला, पण त्याने ओढला नाही. मला म्हणाला, बस. वाच काही तरी. मी वाचलं. तो समोरच्या नव्या भिंतीकडे बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत होता. वाचता येईनासं झालं तसा उठला, चपला घातल्या आणि एकटाच निघाला. फाटकातून ओरडला, भिंत फोडायला मला बोलावू नकोस!
बॅग रिकामी केली. इथेच राहायचं ठरवलंय. निर्णय पूर्णपणे माझा.