अकरावी चूक

९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायची रीत आहे, म्हणून देते. मनापासून द्यावेत अशा अवस्थेत मी आज नाही. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. फोन करत नाही, कारण फोनवर मी तुला वाट्टेल ते बोलेन.

आधी भांडण उरकते. जुलैमध्ये काळ्या मोतीबिंदूवरचा माझा लेख छापून आला. तू काय केलंस? तुझ्या प्रयोगशाळेच्या छापील कागदावर माझ्या संपादकांना अकरा चुकांची यादी पाठवलीस, आकडे घालून. वर पहिलंच वाक्य, 'लेखिका माझ्या भगिनी असल्या तरी'. म्हणे भगिनी. नाक पुसायला माझी ओढणी लागायची तेव्हा ताई होते मी. संपादकांनी ती यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. जाहिरात विभागातला माणूससुद्धा हसला.

त्यातल्या दहा चुका मला आजही मान्य नाहीत. डोळ्यातलं पाणी साचून दाब वाढतो, त्याला मी 'तुंबलेली मोरी' म्हटलं, तर तुझा शेरा, 'अशास्त्रीय'. अरे, माझा वाचक एका हाताने चहा पीत पेपर वाचतो. त्याला काय तुझे आलेख दाखवू? पंधरा वर्षं दर रविवारी लिहिते आहे मी. तुझा एक तरी शोधनिबंध तुझ्या बायकोने शेवटपर्यंत वाचलाय का, विचार तिला.

मी कशी लिहिते ते तुला माहीत आहे. आई शिलाई मशीनवर असते आणि मी बाजूला स्टुलावर बसून वाचते. मशीन चालू राहिलं की वाक्य पास. थांबलं की तिला कळलं नाही. तिथे मी फुली मारते आणि ते वाक्य सोपं करते, नाहीतर सरळ काढून टाकते. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला जे कळतं ते सगळ्यांना कळतं, हा माझा ठोकताळा. त्यावर मी भाषणंही ठोकली आहेत.

त्या लेखात एक वाक्य होतं. 'दुखत नाही, खुपत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, पण कडेचं दिसणं हळूहळू जातं आणि गेलेलं परत येत नाही.' तिथे मशीन थांबलं. मी विचारलं, "अवघड आहे का गं?" ती म्हणाली, "नाही, दोरा तुटला." मला वाटलं, कळलं नाही आणि कबूल करायला लाजते आहे. मारली फुली. त्या जागी 'वेळच्या वेळी थेंब घातले की काळजीचं कारण नाही' असं काहीतरी गोडगोड लिहिलं.

तुझी अकरावी चूक हीच होती. 'सर्वांत महत्त्वाची माहिती गाळली आहे.' हे तुझं बरोबर आहे, ते मला वाचताक्षणी कळलं होतं. तरी मी यादी खणात कोंबली, तुझ्या त्या भगिनीच्या रागाने.

आता बातमी. तीन आठवड्यांपूर्वी आई भर दुपारी जिन्यावरून पडली. बाजूने उतरणारा शेजारी तिला दिसलाच नाही. हाड मोडलं नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा खरं काय ते कळलं. उजव्या डोळ्याला नळीतून बघावं एवढंच दिसतं. डावा अर्धा शिल्लक आहे. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवते, म्हणून आम्हाला कुणाला शंकाच आली नाही. तुला हे मुद्दामच कळवलं नव्हतं.

तूही काही कमी नाहीस. गेल्या सुट्टीत आठ दिवस राहिलास. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि तू म्हणायचास, "आई, धांदरट झालीस हं." आणि एवढा जाणता, तर संपादकांना कशाला लिहिलंस? मला एक फोन करायचा. ताई, गेलेलं परत येत नाही हे घाल, एवढंच म्हणायचं. मी कचाकचा भांडले असते, पण घातलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, कमी दिसतंय हे कधी लक्षात आलं?" आई म्हणाली, "हिने वाचून दाखवलं ना, तेव्हा. माझंच लिहिलंय असं वाटलं." मी जवळजवळ ओरडलेच, "मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण रविवारी पेपर उघडला तर त्यात ते नव्हतं. म्हटलं, तू नीट चौकशी केली असशील. तसं काही नसतं असं कळलं असेल, म्हणून काढलं असशील."

तीन महिने, धाकट्या. तीन महिने ती माझ्या भरवशावर गप्प बसली.

थेंबांनी डाव्या डोळ्याचा दाब उतरत नाही. पुढच्या गुरुवारी, १८ तारखेला, ऑपरेशन करायचं म्हणतात. गेलेलं येणार नाही, आहे ते राखता येईल, आणि थोडा धोकाही आहे. आई तयार नाही. आहे तोही डोळा जाईल म्हणते. मी तीनदा समजावलं, चित्रं काढून, मोऱ्या आणि नळ काढून. काल तिने कागद बाजूला सारला आणि म्हणाली, "तू मला बरं वाटेल तेवढंच सांगतेस. त्याला बोलव. तो कंटाळवाणं बोलतो, पण काही लपवत नाही."

हे तुला लिहिताना मला किती राग येतोय, तुला कळायचं नाही. तुझा येतोय, तिचाही येतोय. माझा सगळ्यात जास्त येतोय. येत्या रविवारी दुरुस्ती छापून येईल, तुझ्याच शब्दांत, माझ्या नावाने. उरलेल्या दहा चुका तुझ्यापाशीच ठेव.

गुरुवारच्या आधी ये. तिच्यासमोर बस आणि तुझ्या त्या रटाळ पद्धतीने सगळं सांग, धोक्यासकट. ती मध्येच गप्प झाली तर पुढे पळू नकोस, काय वाटतंय ते विचार. मी शेजारी बसेन आणि एक शब्द बोलणार नाही.

चुकले मी.

ताई