दिगंबररावांचा ताणा

२ मार्च, रविवार

आज माझ्या कारखान्यात राहायला आले. कारखाना म्हणजे शहरातल्या शनवारा भागात एका गल्लीतली मागची खोली, पण मला तोच शब्द आवडतो. आप्पा गावाहून, देडतलाईहून बसने सोडायला आले होते. डोक्यावर पिठाचं पोतं, हातात केळीच्या धाग्याचं गाठोडं. खोली बघून म्हणाले, इथे तर म्हैस पण फिरणार नाही. मग म्हणाले, अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एक तरी ऑर्डर पुरी करून दाखव, नाहीतर गुपचूप घरी ये, पाहुणे पाहायला येतील. मी हो म्हटलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मी परत गेले तर धाकट्या निशाला कोणी बारावीपुढे शिकवणार नाही.

खोलीत हातमाग आहे. खड्ड्याचा, म्हणजे विणणाऱ्याने काठावर बसायचं आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबायच्या. घरमालकीण सरुबाईंचे यजमान दिगंबरराव त्यावर एक्केचाळीस वर्षं विणत होते. दिवाळीत त्याच मागावर बसल्या जागी गेले.

५ मार्च, बुधवार

केळीच्या रिकाम्या क्रेट एकावर एक बांधून कपाट केलं. भंगारातून सायकलचं चाक आणलं, ते उलटं बसवून त्यावर सुताच्या कांड्या भरते. ट्यूबलाइट जुनी आहे, दोनदा चापट मारली की लागते. सरुबाईंनी माग जवळपास फुकटच दिला. अट एकच. मागावर त्यांच्या यजमानांचा अर्धवट ताणा, म्हणजे उभे धागे, आहे; पुढच्या लाटेवर, कापड गुंडाळायच्या दांड्यावर, वीतभर पांढरं कापड विणलेलं आहे. तो कापायचा नाही, माझे धागे त्यालाच जोडायचे. मला तर बरंच झालं. नवा ताणा एकेक धागा करून फणीतून ओवायचा तर चार दिवस जातात. जुन्या टोकांना गाठी मारल्या की नवं सूत आपोआप मागोमाग ओढलं जातं. माग करणारे सगळेच असं करतात.

८ मार्च, शनिवार

नऊशे साठ गाठी. बोटांची सालं निघाली. माझ्या गाठी जाड येतात, मुगाएवढ्या.

सूतवाले मोतीलालजी उधारीचं सूत द्यायला आले, ते ताणा बघून दारातच थांबले. म्हणाले, बेटा, मेलेल्याच्या सुताला गाठ मारत नाहीत. घरच्यांनी ते उतरवून तापीत सोडायचं असतं. मी विचारलं, कारण काय. ते म्हणाले, पढीलिखी आहेस, तूच सांग, आणि पाणी न पिता गेले. मी शिकले ते असल्या गोष्टींना घाबरण्यासाठी नाही.

१९ मार्च, बुधवार

इंदूरच्या एका दुकानाने नमुना पसंत केला. वीस मीटरचं अखंड थान, आडवा बाणा केळीच्या धाग्याचा, एप्रिलअखेर. निशाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ताई, आता तू शेठाणी, मला पगार किती देशील.

फोन ठेवल्यावर खोली फार गप्प झाली. दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही. दुपारी सरुबाई उंबऱ्यात येऊन पाठमोऱ्या बसतात, तांदूळ निवडतात, बोलत नाहीत. मी थांबले की त्यांचे हातही थांबतात. आज मी म्हटलं, मावशी, आत येऊन बसा ना. त्या म्हणाल्या, बघायला नाही व बेटा, ऐकायला येते.

२८ मार्च, शुक्रवार

बाहेर ओट्यावर जेवून आले तर कापड चार बोटं पुढे गेलेलं. मीच मोजण्यात चुकले असेन. पण त्या चार बोटांची किनार सुतासारखी सरळ आहे. माझी अजून वाकडीच येते.

२ एप्रिल, बुधवार

आज वीतभर.

खरं लिहायचं तर भीती वाटली नाही. ज्वारीची भाकरी एकटीने खाऊन परत येताना वाटलं, आपल्यासाठी कोणी काही करून ठेवलंय. घरी आई माझ्या वाटणीचं अंगण झाडून ठेवायची, तसं.

८ एप्रिल, मंगळवार

थान पुरं झालं. तीन आठवडे आधी. कापून उतरवायचं एवढंच राहिलं.

पण मागची लाट, जिच्यावर ताणा गुंडाळलेला असतो ती. मी बावीस मीटर ताणा भरला होता. वीस विणला, म्हणजे लाट उघडी दिसायला हवी. ती पहिल्या दिवशीइतकीच जाड आहे. हात लावून पाहिला. सूत माझं नाही. पांढरं आहे.

९ एप्रिल, बुधवार

कापायला बसले. भर दुपार, दार सताड उघडं. पाय खड्ड्यात सोडले. डावी पावडी मी दाबायच्या आधीच खाली गेली.

खड्ड्यात माझ्या पायांशेजारी ऊब होती. गर्दीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाची लागते तशी. वाकून पाहिलं, अंधारच दिसला. पाय वर ओढले. नंतर पाहिलं तर माझ्या पावलांवर पांढऱ्या सुताची तुसं होती.

११ एप्रिल, शुक्रवार

कातरीने सहा धागे कापले. सातव्याला हात गेला तर सहाही जोडलेले. गाठी बारीक, मोहरीएवढ्या. मला अशा येत नाहीत.

पुन्हा कापले. या वेळी नजर काढली नाही. गाठी माझीच बोटं मारत होती.

१४ एप्रिल, सोमवार

थान राहू दे म्हटलं. ऑर्डर राहू दे. रिक्षात बसले. स्टँडवर देडतलाईची गाडी लागलेली होती. दोन्ही हात मांडीवर विणल्यासारखे चालूच — धोटा झेलणं, फणी ओढणं, झेलणं. शेजारची बाई जागा बदलून बसली. गाडी सुटायच्या आधी मी उतरले होते. का, ते आठवत नाही. भानावर आले तेव्हा मागाच्या काठावर बसले होते, पाय खाली खड्ड्यात.

१७ एप्रिल, गुरुवार

सरुबाईंना विचारलं. रडले. त्या म्हणाल्या, ते गेल्यावर या घरात भांडंसुद्धा वाजत नव्हतं, तू आली तसं घर पुन्हा बोलायला लागलं. म्हणाल्या, त्यांचं काम अर्धं राहिलं होतं, पोरी. माझ्या हाताला गाठ जमत नाही, म्हातारे हात. तुझी जमली. मग भाताची ताटली खड्ड्याच्या काठावर ठेवून गेल्या.

दोन घास वाढले होते. एक माझ्यासाठी.

२१ एप्रिल, सोमवार

निशाला फोन केला. सगळं सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, ताई, तू जेवतेस ना नीट? मागे कसला आवाज येतोय, कोण विणतंय?

मी विणत नव्हते.

२४ एप्रिल, गुरुवार

केळीचा धागा संपला. सूत संपलं. माग थांबला नाही. माझी ओढणी बाण्यात गेली. मग चादर.

भूक लागत नाही. फोन खिडकीत आहे. पाच पावलं. पाय खड्ड्यातून निघत नाहीत. वाजतो, थांबतो.

२७ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. फणी आता आपोआप येते, म्हणून तो मोकळा. उजवा नाही.

आज बाण्यात केस.

२९ एप्रिल

अखजी उद्या. गावात झोके बांधले असतील. पाहुणे येऊ देत. कोणीही पाहायला येऊ दे. मला घरी —

ओरडून पाहिलं. मागाचा आवाज मोठा आहे.

३० एप्रिल

आप्पा आलेत. दारापलीकडे. सरुबाईंनी बाहेरून कडी घातली आहे. सांगतात, पोरगी इंदूरला गेली माल घेऊन. आप्पा विचारतात, मग आत कोण विणतंय. सरुबाई म्हणतात, आमचे हे.

आप्पा दार ठोठावतात.

हे पान फाडून फटीतून टाकीन. पण आप्पांना वाचता येत नाही —

निशाचा आवाज. निशा पण आलीय. ती वाचेल. निशा, पुढून कापू नकोस, मागे जा, माझ्या गाठी जाड आहेत, ओळखशील, तिथे —

सरुबाई तिला विचारतात, बेटा, तुला येतं का विणायला.

ती म्हणतेय, थोडं थोडं. ताईने शिकवलं.

कडी वाजली.

निशा वाच आधी वाच आत आलीस तरी खड्ड्यात पाय